एलायस पेन्नाचा शिवलेला अर्ज

एलायस पेन्नाबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. ते मीच लिहावं असं काही नाही. पण ज्यांना नीट लिहिता आलं असतं ते सगळे गेले, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचं नावही आठवत नव्हतं. मला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगतो. एक गोष्ट सांगायला जड जाणार आहे, पण तीही सांगतो.

मी राजधानीत विधानसभेच्या दारावर दारवान होतो. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या वसाहतीला आपलं राज्य आपण चालवायची मुभा लंडनहून मिळाली, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी लागलो. एकोणीस वर्षं नोकरी केली. तेवढ्यात सव्वीस सरकारं माझ्यासमोरून आत गेली आणि बाहेर आली. पक्ष वगैरे तेव्हा नव्हते. छत्तीस सभासद होते, आणि त्यातल्या चारपाच जणांची मतं दुपारच्या जेवणाआधी एक असायची न् जेवणानंतर दुसरी. दाराच्या आत डाव्या हाताला मंत्र्यांच्या टोप्यांसाठी खुंट्या होत्या. आमचे मुख्य दारवान मिस्टर बर्डेट जुने शिपाईगडी. ते म्हणायचे, "लसकम, त्या कोपऱ्यातल्या खुंटीवर एका साहेबांनी पावसात भिजलेली टोपी टांगली होती. ती वाळायच्या आत त्यांचं सरकार गेलं. ओलीच घालून घरी गेले बिचारे."

लसकम म्हणजे मी.

पेन्ना पहिल्यांदा आला तो तीन शेतकऱ्यांना घेऊन. तेव्हा तो पन्नाशीला टेकला असेल, मी तिशीतला. कॉर्नवॉलमधून तांब्याच्या खाणीवर आलेला माणूस. खाणीत छाती बिघडली म्हणून त्यानं बापाचा धंदा पुन्हा हातात घेतला आणि वॉरिंगा नदीच्या उतारापाशी गाड्यांची चाकं बनवायचं दुकान टाकलं. उतार म्हणजे नदी पायी किंवा गाडीनं ओलांडता येते ती जागा. उन्हाळ्यात तिथं घोट्याइतकं पाणी असतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मात्र घोड्याच्या पोटाला लागतं, आणि कधी कधी घोडाच दिसत नाही. पलीकडच्या काठाला जमीन चांगली, गव्हाची. पण पूल नाही म्हणून ती कुणी घेत नव्हतं, आणि आमच्या त्या भागाचे सभासद मिस्टर क्विल्टर तिथं आपली मेंढरं चारत होते.

बांधकाम खात्याचे मंत्री होते मिस्टर लिडिअर्ड. मनानं चांगले. त्यांनी चौघांना खुर्च्या दिल्या, नकाशा काढला, आणि पेन्नाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मिस्टर पेन्ना, पुढच्या पावसाळ्याआधी तुम्ही बूट न भिजवता नदी ओलांडाल. माझा शब्द घ्या."

मी दार धरून उभा होतो. मी हे ऐकलं आहे.

पेन्ना रविवारी चॅपलमध्ये प्रवचन करायचा. पगारी पाद्री नव्हे. आठवडाभर रंधा मारायचा आणि रविवारी उभा राहायचा, तसल्यांपैकी. त्यानं परत जाऊन चॅपलमध्ये सांगितलं, पूल होणार. लोक त्याच्या बोलण्यावर विसंबायचे, कारण त्यानं केलेलं चाक कधी खुळखुळलं नव्हतं. जमिनींचा लिलाव झाला तेव्हा चौदा कुटुंबांनी पलीकडची जमीन घेतली. बरेचसे जर्मन, चारदोन आमचेच, इंग्लंडकडचे. त्यात एक माथेस झ्वार होता. बोली लावायच्या आधी तो सरळ पेन्नाच्या दुकानात आला होता, बायको योहानाला घेऊन. हे मला पुढं पेन्नानंच सांगितलं.

"तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"मंत्र्याच्या तोंडून."

"मग घेतो," झ्वार म्हणाला.

"नीट विचार कर, माथेस," योहाना म्हणाली.

"विचार कसला? पेन्ना सांगतायत ना."

लिडिअर्ड साहेबांचं सरकार तेविसाव्या दिवशी पडलं. मेंढपाळांच्या चराऊ जमिनींच्या पट्ट्यांवरून काहीतरी झालं. मला आता आठवत नाही, आणि तेव्हाही नीट कळलं नव्हतं.

त्यानंतरचं सरकार आठ महिने टिकलं, म्हणजे फारच टिकलं म्हणायचं. त्यांनी एक इंजिनिअर पाठवला. इंग्लंडहून नुकताच उतरलेला पोरगेलासा साहेब. त्यानं दोन्ही काठांवरच्या एकेका मोठ्या गमच्या, म्हणजे निलगिरीच्या, झाडावर पांढऱ्या रंगाची आडवी रेघ मारली, पुलाची उंची कळावी म्हणून. गमची झाडं दरवर्षी साल टाकतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उन्हाळ्यात रेघ सालीसकट गळून पडली. तोवर सरकारही पडलं होतं. पेन्नानं चुन्याचा डबा घेतला, जागा मोजली, आणि रेघ पुन्हा मारली. पुढच्या उन्हाळ्यातही मारली. मग दरवर्षी मारत गेला.

गावातल्या दारूच्या गुत्त्यात त्याची चेष्टा व्हायची. तो आत जात नसे, पण दारावरून जाताना ऐकू यायचंच. "पेन्ना, पूल झाला तर चाकं कोण मोडणार रे? पोटावर पाय मारून घेतोस स्वतःच्या!" हे खरंही होतं. उताराच्या दगडांत निम्म्या तालुक्याच्या गाड्या मोडायच्या आणि त्याच्याकडे यायच्या. तो म्हणायचा, "मी दुसऱ्या कशाची तरी चाकं करीन."

तिसरं सरकार अकरा दिवस. चौथं पाच महिने. पाचवं किती ते विसरलो. आणि नवं सरकार आलं की नवा मंत्री जुने कागद मागवायचा. कागद खालून वर जायचे, कुणीतरी शेरा मारायचा, 'पुन्हा पाहणी व्हावी', आणि ते वरून खाली येईपर्यंत मंत्री उरलेला नसायचा. पेन्ना दरवेळी यायचा. कोचगाडीनं दोन दिवस. आमच्या दाराशेजारच्या बाकावर बसायचा. रुमालात बांधलेली पेस्टी, म्हणजे सारण भरून भाजलेली जाड करंजी, काढून अर्धी मला द्यायचा. त्याची बायको ग्रेस ती करायची. बटाटा, सलगम आणि मटण. गार झालेलीही चांगली लागायची.

"आज कुणाचं सरकार आहे?" बसता बसता तो विचारायचा.

"जेवणापर्यंत तरी कालचंच," बर्डेट म्हणायचे. "लवकर आत जाऊन या, बाबा. बाहेर येईपर्यंत आतलं माणूस बदललेलं असेल."

अर्जाचे नियम त्याला बर्डेटनीच सांगितले होते, याच बाकावर. सभागृहापुढे अर्ज ठेवायचा तर तो हातानं लिहिलेला हवा. सह्या मागणीच्याच कागदावर हव्यात, वेगळ्या कागदावर चालत नाहीत. आणि अधिवेशन संपलं की अर्जही संपला. पुढच्या अधिवेशनाला मागणी नव्यानं लिहायची, सह्या नव्यानं घ्यायच्या.

"पण नदी तीच आहे ना?" पेन्ना म्हणाला.

"नदी असेल हो. सभागृहाला ती ठाऊक नाही. सभागृहाला कागद ठाऊक."

चार वेळा त्यानं सह्या गोळा केल्या. उतार ओलांडून, चौदा घरं फिरून. प्रत्येक वेळी घरं जरा कमी. तिसऱ्या पावसाळ्यात माथेस झ्वार गव्हाची गाडी घेऊन गिरणीकडे निघाला होता. पाणी सकाळी कमी होतं. मध्यावर आल्यावर वरून लोंढा आला. गाडी खालच्या वळणावर सापडली, दोन्ही घोडे लगामातच होते. माथेस चार दिवसांनी सापडला. ती चाकं पेन्नाचीच होती. एकही आरा निखळला नव्हता, असं तो मला म्हणाला. त्याला तेवढंच का सांगावंसं वाटलं ते मला कळलं नाही.

त्या वर्षी सहा कुटुंबं गेली. कुणी जमीन विकली, बहुतेकांनी तशीच टाकली. योहाना झ्वार राहिली. गाठीचं सगळं त्या जमिनीत गेलं होतं, जाणार कुठं? वाटेत पेन्ना दिसला की ती थांबायची आणि एवढंच विचारायची, "काही कळलं का?" तो म्हणायचा, "अजून नाही." ती पुढं जायची. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं ग्रेस म्हणायची.

मग सातवं सरकार आलं आणि मिस्टर लिडिअर्ड पुन्हा बांधकाम मंत्री झाले. आमच्याकडे असं व्हायचं. तीच पाचदहा माणसं फिरून फिरून त्याच खुर्च्यांत यायची. पण लिडिअर्ड साहेबांना पेन्ना आठवत होता. त्यांनी आपल्या हातानं त्याला पत्र लिहिलं: पुलाची रक्कम अंदाजपत्रकात घातली आहे, गुरुवारी मांडतो. क्विल्टर म्हणणार की पलीकडे माणूसच राहत नाही. तेव्हा गुरुवारी दुपारपर्यंत अर्ज सभागृहापुढे हवा.

पत्र पेन्नाला सोमवारी संध्याकाळी मिळालं. मंगळवारी पहाटेची कोचगाडी चुकली तर गुरुवार गाठता येत नव्हता. ऑगस्ट महिना, नदी दुथडी भरलेली. पलीकडे जाणं शक्य नव्हतं.

तो गुरुवारी बाराच्या सुमारास आला. वाटभर पावसात कोचगाडीच्या टपावर बसून आला होता, आतली जागा महाग म्हणून. मिशांतून पाणी गळत होतं. पण कागद कोटाच्या आत, कातड्यात गुंडाळलेला. त्याला इतका हसतमुख मी कधी पाहिला नव्हता.

"लसकम, या खेपेला होतंय बघ. लिडिअर्ड साहेब बोलल्यासारखं करतायत."

त्यानं अर्ज माझ्या हातात दिला. शेजारच्या मतदारसंघाचे एक सभासद तो मांडणार होते, त्यांच्यापर्यंत मी पोचवायचा होता. मी उलगडला. वर मागणी, सुबक अक्षरात, शाई ताजी. खाली सह्या. आणि मध्ये, बोटभर जागेत, दोरा.

मेण लावलेला जाडा दोरा होता, खोगिराला वापरतात तो. टाके इतके बारीक आणि सारखे की चटकन कळूही नये. खालचा कागद जुना होता, घडीवर पिवळा पडलेला. आधीच्या वर्षांचे अर्ज सभागृहातून परत दिले जायचे, त्यातला सगळ्यात पहिला, चौदा सह्यांचा. तिसरी सही माथेस झ्वारची.

मला नियम ठाऊक होता. पेन्नालाही सांगितलेला होता. त्याच्या मनात काय होतं ते त्यानं त्याच खेपेला, गावी परत निघताना मला सांगितलं. चाकाचा घेर सहा तुकड्यांचा असतो. जोडले, वरून लोखंडी धाव चढवली, की ते सहा तुकडे राहत नाहीत, एक चाक होतं. त्याला वाटलं, नीट जोडलं की तो एकच कागद. माणसं तीच, मागणी तीच, नदी तीच. माथेसची सही त्यानं मुद्दाम ठेवली. ती कापून काढायला त्याचा हात धजला नाही.

मी तेव्हा काय करायला हवं होतं ते मला गेली तीस वर्षं माहीत आहे. म्हणायचं होतं, "मिस्टर पेन्ना, हे चालायचं नाही. खालचा कागद काढा, एकट्याची सही करा." एका सहीचाही अर्ज चालतो. बसून दहा मिनिटांत झालं असतं. दौत माझ्या टेबलावर होती.

मी बोललो नाही. तो भिजला होता, हसत होता, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा होता. मला वाटलं, आतल्या कारकुनाला दिसेल, तो सांगेल. किंवा कुणालाच दिसणार नाही. माणसाला त्याची चूक तोंडावर सांगणं मला जन्मात जमलं नाही. मी घडी घालून अर्ज आत दिला.

क्विल्टरांनी पाहायला मागितला. ते माथेसच्या प्रेताच्या चौकशीला पंच म्हणून बसले होते.

"सभापती महाराज," ते उठून म्हणाले, "या अर्जावर तिसरी सही माथेस झ्वार यांची आहे. मी त्यांना दोन वर्षांपूर्वी पुरलेलं पाहिलं. त्यांना पुलाची काय गरज पडली म्हणायची?"

सभागृह हसलं. लिडिअर्ड साहेबही हसले. सगळेच हसत होते म्हणून असेल. मग क्विल्टरांनी दोरा दाखवला आणि हसणं थांबलं. मेलेल्या माणसाच्या सहीनं सभागृहाची फसवणूक. सभापतींनी हुकूम केला की अर्जदारानं उद्या तीन वाजता सभागृहापुढे उभं राहून जाब द्यावा. लिडिअर्ड साहेबांनी पुलाची रक्कम तूर्त मागं घेतली.

पेन्ना बाकावर बसला होता. त्याला सांगायला बर्डेट गेले. मी खांबाआड थांबलो.

"फसवणूक?" तो म्हणाला. "कुणाची?"

"सभागृहाची म्हणतात."

"मी कुणाला फसवलं नाही, बर्डेट."

"तेच उद्या सांगा. सरळ सांगा, माफी मागा, कानउघाडणी करतील आणि सोडतील. मी चार बघितली अशी. पाच मिनिटांचं काम."

रात्रभर त्यानं काय बोलायचं ते पाठ केलं, असं त्याच्या खानावळीची बाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तीनला मी आणि बर्डेटनी सभागृहाच्या तोंडाशी पितळी दांडा आडवा लावला, आणि पेन्ना त्याच्यामागं उभा राहिला. टोपी हातात. कोट अजून ओलसर होता. सभापतींनी नाव वाचलं, आरोप वाचला, आणि म्हणाले, "तुम्हाला काय सांगायचं आहे?"

पेन्नानं श्वास घेतला. मी दांड्याच्या टोकाशी होतो, मला तो श्वास ऐकू आला.

एवढ्यात मागच्या रांगेतून एक सभासद उठले. हरकतीचा मुद्दा. सरकारवर अविश्वासाचा ठराव दिलेला आहे. नियमाप्रमाणं तो दुसऱ्या कुठल्याही कामाआधी घ्यावा लागतो. सभापतींनी पुस्तक चाळलं. म्हणाले, बरोबर आहे.

मग भाषणं सुरू झाली. पेन्ना उभा राहिला. त्याला कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. दांडा लावलेला, त्यामुळं सभासद आतबाहेर करायचे तर त्याच्या बाजूनं अंग चोरून जायचे. एकजण त्याला "माफ करा हं" म्हणाला. अंधारून आलं, दिवे लागले, मतं मोजली. एका मतानं सरकार पडलं. सगळे उठले, टोप्या घेतल्या, पायऱ्यांवर घोळके करून पुढं कुणाला बोलावणं येईल ते बोलू लागले. सभागृह बेमुदत तहकूब झालं.

पेन्ना अजून दांड्यापाशी होता.

"चला, बाबा," बर्डेट म्हणाले. "संपलं."

"माझं म्हणणं?"

"आता कुणासमोर म्हणणार? खुर्च्यांसमोर?"

"मग कधी?"

बर्डेट थट्टेखोर माणूस. पण त्या दिवशी त्यांनी नुसता पितळी दांडा उचलून भिंतीला लावला. "बोलावतील," ते म्हणाले.

बोलावलं नाही. अधिवेशन संपलं तसं ते प्रकरणही संपलं. शिक्षा नाही, माफी नाही, निकाल नाही. माझ्यासारख्याला वाटावं, सुटला. पण बातमी त्याच्याआधी गावात पोचली होती, वर्तमानपत्रातून: 'मृताची सही'. आणि चॅपलच्या मंडळींचा एक नियम आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्यानं निकाल लागेपर्यंत प्रवचन करायचं नाही. त्यांनी त्याला प्रेमानंच सांगितलं. "भाऊ, आमचा तुमच्यावर भरवसा आहे. सभागृह काय तो निकाल देऊ दे, तुमचं नाव पुन्हा यादीत घालू." तो हो म्हणाला. हाच नियम त्यानं स्वतः दुसऱ्या दोघांना लावलेला होता.

तेव्हापासून त्यानं पूल मागायचं सोडलं. तो नवं सरकार आलं की पत्र लिहायचा: मला जाब द्यायला बोलावण्यात यावं. आठव्या सरकारला लिहिलं, नवव्याला लिहिलं. पत्रं माझ्याच हातातून वर जायची, म्हणून मला ठाऊक आहे. उत्तर दरवेळी तेच, फक्त खालची सही वेगळी: सदर प्रकरण त्या अधिवेशनाबरोबरच रद्द झाले असल्याने त्यात काही करता येत नाही. एकदा मी धीर करून वरच्या कारकुनाला विचारलं, या माणसाला निर्दोष आहे असं नुसतं लिहून देता येणार नाही का? तो म्हणाला, "अरे, आरोपच उरलेला नाही तर निर्दोष कसला ठरवू?"

लिडिअर्ड साहेब आणखी दोनदा मंत्री झाले. पेन्नाचं पत्र त्यांच्याकडेही गेलं. त्यांचं उत्तर जरा जास्त गोड होतं, इतकंच.

सात वर्षांनी मी त्याच्या गावी गेलो. ग्रेस वारल्याचं बर्डेटना कुणीतरी सांगितलं होतं. माझी रजा होती. वाटेत दोन दिवस मी मनात वाक्यं जुळवत होतो.

दुकान तिथंच होतं. पेन्ना वाळला होता, पण हात तसेच, दगडासारखे. मला पाहून म्हणाला, "लसकम! पेस्टी नाही रे आता. पाव आहे आणि चहा आहे."

त्याच दिवशी योहाना झ्वार जात होती. पलीकडच्या काठावर शेवटचं घर तिचंच उरलं होतं. उत्तरेला तिच्या भावाकडे निघाली होती. रेल्वेचा पूल वीस मैल खाली झाला होता, आणि सगळी नवी वस्ती तिकडे. वॉरिंगाच्या उतारावर क्विल्टरांची मेंढरं परत आली होती.

तिची गाडी पलीकडून आणायला पेन्ना स्वतः गेला. मार्च महिना, पाणी घोट्याइतकं. मी अलीकडे थांबलो. दोन ट्रंका, पलंग उलटा टाकलेला, पिंजऱ्यात कोंबड्या. काठावर आल्यावर तिनं गाडी थांबवली. गमच्या झाडावरची पांढरी रेघ तिथूनच दिसत होती. त्या उन्हाळ्यातही साल गळली होती, आणि रेघ नवी होती.

"आता तरी ते रंगवणं सोडा, पेन्ना," ती म्हणाली.

"हो."

"सोडणार नाही तुम्ही."

 तिनं लगाम हातात घेतले, मग पुन्हा सैल सोडले.

"एक विचारू? त्या दिवशी तुम्हाला बोलू दिलं असतं, तर काय बोलणार होतात? माथेसच्या सहीबद्दल?"

पेन्नानं तोंड उघडलं. टोपी काढली, अगदी त्या दिवशीसारखी. मी बघत होतो. 

"पाठ होतं सगळं," तो म्हणाला. "पहिलं वाक्य... ही माणसं... ही माणसं माझ्या..." मग थांबला. "इतक्या वेळा लिहिलं की मला बोलवा, मला बोलवा. काय बोलायचं होतं तेच गेलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दयाही नव्हती. "आम्ही तुमच्या सांगण्यावरून आलो होतो," ती म्हणाली. एवढं बोलून तिनं घोड्याला हाकललं. धुरळा खाली बसेपर्यंत पेन्ना टोपी हातात धरून होता.

दुकानात परत आल्यावर मी सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. एवढंच म्हणालो, "मिस्टर पेन्ना, त्या दिवशी अर्ज माझ्या हातात होता ना, तेव्हा मी तो दोरा पाहिला होता. आत द्यायच्या आधी."

तो चहा ओतत होता. किटली खाली ठेवली.

"दिसला तुला?"

"हो."

"मला वाटलं दिसणार नाही," तो म्हणाला. "बारीक टाका घेतला होता मी." मग किटली पुन्हा उचलत, "बोलला का नाहीस रे?"

मी गप्प राहिलो. पुन्हा. त्यानं उत्तराची वाट पाहिली, मग कप माझ्याकडे सरकवला. साखर किती ते विचारलं. तेवढ्यावरच तो विषय संपला; त्यानंतर आमच्यात तो कधी निघाला नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात पेन्ना वारला. चॅपलच्या यादीत त्याचं नाव परत आलं नव्हतं. दफनाच्या वेळचं प्रवचन दुसऱ्या गावच्या माणसानं केलं.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. निघताना मी कोचगाडीपाशी उभा होतो, तेव्हा तो दुकानाच्या दारातून कागद-शाई घेऊन आला आणि पिंपावर कागद ठेवला.

"आज कुणाचं सरकार आहे?" त्यानं विचारलं.

मी नाव सांगितलं.

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"म्हणजे नवंच आहे." त्यानं दौतीचं झाकण काढलं. "लिहितो मग. तूच ने बरोबर. आहेत ना अजून ते?"

मी हो म्हणालो. राजधानी सोडून मला तीन दिवस झाले होते.